चार नंबरचा पाय

माझी लेक मला विचारते, "आई, तुझा तो साहेब वाईट माणूस होता ना गं?"

वाईट? छे छे! त्यांना वाईट म्हणणाऱ्याच्या जिभेला काय हाड? माझे वडील गेले तेव्हा कारखान्याला कुलूप लावून स्मशानात पहिला पोचलेला माणूस तो. माझ्या लग्नात वडिलांच्या जागी तोच उभा राहिला. साहेब वाईट असते ना, तर माझं काम सोपं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. आता बसते आठवत. मधेच हसू येतं, मधेच असा संताप येतो की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं.

तर आमचा चपलांचा कारखाना. खाली मोठा हॉल. एका बाजूला शिलाईची यंत्रं, दुसऱ्या बाजूला सोल चिकटवणारे, मधे लोखंडी जिना आणि वर साहेबांची काचेची खोली. सोल चिकटवायच्या सोल्युशनचा वास इतका उग्र की नवीन माणसाचं पहिल्या आठवड्यात डोकं धरायचं. आम्हाला मात्र त्याचं व्यसनच लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी घरी नाकाला चुकल्यासारखं वाटायचं. आज त्या जागी गाड्या धुतात. परवा तिथून जाताना मी उगाच थांबून वास घेतला, तर साबणाचा. कशात काय अन् फाटक्यात पाय!

मी शिलाईवर होते. पट्टे शिवायचे, बक्कल लावायचं, पुढच्याकडे ढकलायचं. एक दिवस साचेवाले मास्तर जिन्यावरून उतरताना माझ्या पायाकडे बघत थांबले. म्हातारा माणूस, त्यामुळे मी काही मनावर घेतलं नाही. ते म्हणाले, "पोरी, चप्पल काढ." मी काढली. त्यांनी फर्मा आणला. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ज्यावर चप्पल बेततात. त्यांनी तो माझ्या पायाशेजारी ठेवला, टेप गुंडाळली, पुन्हा गुंडाळली आणि ओरडले, "साहेब! खाली या! चार नंबर चालत आलाय!"

बायकांचं मधलं माप चार. चारवरून बाकीची सगळी मापं लहानमोठी करत जायची. आणि माझा पाय अगदी त्या फर्म्यासारखा, ना केसभर इकडे, ना केसभर तिकडे. तेव्हापासून नवीन नमुना निघाला की वरून हाक यायची, "ए चार नंबर!" मी यंत्र थांबवून वर जायचे, चप्पल घालायचे, त्या खोलीत फेऱ्या मारायचे आणि कुठे चावतं, कुठे घसरतं ते सांगायचे. शिलाईवरच्या बायका चिडवायच्या, "आल्या बाईसाहेब, पायाची कमाई खाऊन!" मीही कमी नव्हते. "तुम्ही हात चालवा गं, मी पाय चालवते," म्हणायचे. काय हसायचो आम्ही! आता तसं हसायला माणसंच उरली नाहीत.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. मी म्हणायचे, "साहेब, करंगळीपाशी पट्टा आत घ्यायला हवा." साहेब खिडकीबाहेर बघत असायचे. मग मास्तर म्हणायचे, "करंगळीपाशी पट्टा आत घेऊ या." लगेच साहेब वळायचे. "वा मास्तर! काय नजर आहे!" मास्तर बिचारे ओशाळायचे. "ही म्हणाली," असं सांगायचेसुद्धा. "हो हो, पाय तिचाच," साहेब हसून म्हणायचे आणि मला चहा मागवायचे. चहा आठवणीने मागवायचे हं. साखर कमी.

त्या मास्तरांनीच मला साचे, म्हणजे कातडं बेतायचे पुठ्ठ्याचे तुकडे, कापायला शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा छाटायच्या, मी मास्तरांच्या टेबलाशी पुठ्ठा छाटायचे. त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं, वरून घासून घासून गुळगुळीत झालेलं. एखादी चप्पल मनात आली की ती सपाट पुठ्ठ्यावर कशी पसरून ठेवायची, हे एकदा कळलं आणि मी वेडीच झाले. रस्त्याने जाताना बायकांच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत चालायचे. सासू म्हणायची, "मान मोडून काय चालतेस, काही हरवलं का?" हरवलं नव्हतं, सापडलं होतं. मला त्या टेबलाशी बसायचं होतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी मनापासून मागितली असेल.

मास्तरांची नजर अधू झाली आणि त्यांनी थांबायचं ठरवलं. आता टेबल कुणाला? सोल चिकटवणाऱ्यांत एक लंबू होता. दोन पोरांचा बाप, कामाला चांगला, स्वभावाने गरीब गाय. आणखी तिघंचौघं होते. साहेब जिन्यात उभे राहून म्हणाले, "मला कुणाचं तोंड बघायचं नाही. सगळ्यांना सारखं कातडं देतो. ज्याला वाटेल त्याने चार नंबरचा एक जोड करावा, त्याला रंगीत दोरा बांधून वरच्या पेटीत टाकावा. नाव लिहायचं नाही. जोड बघूनच ठरवणार." किती चांगलं वाटलं होतं तेव्हा! बघा, मी सांगते ना, माणूस न्यायाचा होता. त्यांच्या परीने.

मीही कातडं घेतलं. स्टोअरवाल्याने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्याला वाटलं, घरी घालायला चप्पल करते. घरी दाराला कडी लावून मी तो जोड केला. नवरा म्हणाला, "अगं, जेवायला मिळेल का?" म्हटलं, "मिळेल, तूच वाढून घे." जोडाला निळा दोरा बांधला आणि सकाळी कुणी यायच्या आत पेटीत टाकला.

दुपारी वरून हाक आली, "ए चार नंबर!"

पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना, तसं झालं. जोड घालून बघायला मलाच बोलावलं होतं! आता बोला! सगळ्यांची नावं झाकायची एवढी युक्ती केली त्या भल्या माणसाने, पण त्या पेटीत माझाही जोड असू शकतो, हे काही त्याच्या स्वप्नात आलं नव्हतं. मी जिना चढले. आत साहेब होते, मास्तर होते आणि टेबलावर ओळीने जोड मांडलेले. मास्तरांनी निळ्या दोऱ्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. माझी कातर त्यांना ओळखू येणार नाही तर कुणाला?

मी एकेक जोड घालून चालले. खोटं एक अक्षर बोलले नाही. लाल दोऱ्याचा अंगठ्याला चावत होता, तसं सांगितलं. पिवळ्या दोऱ्याचा छान होता, फक्त चढणीवर टाच सुटेल असा. तो लंबूचा होता, हे मागून कळलं. मग माझा घातला. चालले. काय सांगू, पायात काही घातलंय असं वाटेना. तरी मी म्हणाले, "मागचा पट्टा जरासा सैल आहे साहेब, एक भोक जास्त हवं." आपल्याच लेकराची तक्रार करावी तसं झालं, पण होतं ते होतं.

साहेबांनी तो जोड हातात घेतला, उलटा केला, शिवण बोटाने चाचपली. त्यांचा चेहरा असा खुलला! "मास्तर, हा! हा माणूस मला पाहिजे. कुणाचा आहे हा?"

"माझा, साहेब," मी म्हटलं.

साहेब हसले, खो खो हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग मी हसत नाही हे दिसलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही हात फिरवलात का हो?"

मास्तर वळले. "शिकवलं मी. केलं तिने," म्हणाले.

साहेबांना खरंच आनंद झाला हो. शपथ घेऊन सांगते, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला, "शाबास पोरी! काय गुणी निघालीस!" मला वाटलं, आता म्हणतील, आता म्हणतील. आणि ते म्हणाले, "पण अगं, तू टेबलावर बसलीस तर पाय कोण देणार?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "पाय कुठे जातोय साहेब? टेबलाखालीच तर असेल." त्यावर पुन्हा हसले. "बोलायला हुशार आहेस! नाही गं, आपणच केलेली चप्पल आपणच घालून बघायची, हे बरं नाही. आणि असा पाय मला दुसरा मिळायचा नाही. तू आमचा पाया आहेस पाया!" टेबल पिवळ्या दोऱ्याला, म्हणजे लंबूला मिळालं. मला चहा मिळाला. साखर कमी.

आणि माझा जोड? तो कारखान्याने काढला की. मागच्या पट्ट्याला एक भोक वाढवून. असा खपला, असा खपला, की रस्त्यात दर दहा पावलांवर एका बाईच्या पायात दिसायचा. मी मान खाली घालून चालायचे आणि ऊर भरून यायचा. कुणी घातलाय, कुणी झिजवलाय, कुणी पावडर लावून पांढरा केलाय. एकदा भाजीच्या दुकानात एका बाईला मी विचारलंच, "चावत नाही ना हो?" ती म्हणाली, "छे, पायात आहे हेच विसरते." मी भाजी तिथेच विसरून घरी आले.

पुढे ही लेक झाली, जी आता मला प्रश्न विचारते ती. बाळंतपणाची रजा संपवून कामावर आले आणि पहिल्याच नमुन्याला पाय अडला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण माझ्या पायाने मला काही विचारलं नव्हतं. बाळंतपणात तो पसरला होता आणि परत गेला नव्हता. घरच्या चपलाही होत नव्हत्या, मला कळत नव्हतं का? मी साहेबांना सांगितलं. लंबू शेजारीच उभा होता.

"साहेब, माझा पाय वाढलाय. आता मी चार नंबर राहिले नाही."

"अगं, बाळंतपणानंतर असं वाटतंच," साहेब मायेने म्हणाले. "माझी बायकोही म्हणायची. होईल महिन्याभरात. तू फक्त सांग, हा कसा होतोय?"

"घट्ट होतोय. पण साहेब, चप्पल बरोबर आहे. पाय..."

"घट्ट ना? लंबू, साचा वाढव."

मी पुन्हा बोलले. "फर्म्याला लावून तरी बघा," म्हटलं. ते म्हणाले, "फर्मा लाकडाचा आहे, तू जिवंत आहेस. तुझ्या पायापेक्षा मोठं काय?" घ्या! माझ्या पायावर एवढा विश्वास की लाकूड खोटं ठरलं, आणि त्याच पायाच्या वर सहा वीत अंतरावर तोंड होतं, त्याच्यावर मात्र नाही. लंबूने साचा वाढवला. त्या हंगामातले सगळे नमुने तसेच निघाले.

मग जे व्हायचं तेच झालं. चपला परत येऊ लागल्या. चार नंबरवाल्या बायका पुढे आणि चपला मागे! एका दुकानदाराने तर निरोप पाठवला, चप्पल पाठवलीत की होडी? खोकी परत येऊन जिन्यापर्यंत रचली गेली. पायवाट तेवढी उरली होती. हसावं की रडावं कळेना. शिलाईवरच्या बायका मात्र हसल्या, मी का खोटं बोलू?

साहेबांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. चेहरा उतरला होता बिचाऱ्यांचा. "कुठे चुकलं?" म्हणाले.

"मी म्हटलं होतं साहेब, पाय वाढलाय."

"कधी?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. माणसाचा चेहरा कळतो ना? आठवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना आठवत नव्हतं. माझं बोलणं कानावरून गेलं होतं, आत गेलंच नव्हतं.

लंबू म्हणाला, "म्हणाली होती साहेब. मी इथेच होतो. दोनदा म्हणाली."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, मग तू मला का नाही सांगितलंस?"

बघा आता! मी सांगितलेलं लंबूने का नाही सांगितलं, म्हणून लंबूला बोलणी! लंबूने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्याच्याही डोक्यात काहीतरी पेटलं असावं. एरवी त्याच्या डोक्यात उजेड जरा उशिराच पडायचा.

पाकिटं भरणाऱ्यांत एक नवीन मुलगी आली होती, तिला लगेच वर बोलावून फर्मा लावला, तिचा पाय चारचा निघाला. झालं, माझी सुटका झाली. तिला घेऊन लंबू खाली गेला, पण मी हलले नाही. वर्षानुवर्षं घोकलेलं वाक्य होतं ते. पदर घट्ट धरला आणि म्हटलं, "साहेब, आता पायाची अडचण उरली नाही. मला टेबलावर बसू द्या. लंबूला काढू नका, आम्ही दोघं मिळून करू. निळ्या दोऱ्याचा जोड तुम्हीच निवडला होता."

साहेब उठले, माझ्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः पाणी दिलं. आणि म्हणाले, "पोरी, तुझं भलं मला कळत नाही का? टेबल म्हणजे डोक्याला घोर. नमुना जमेपर्यंत हलता येत नाही. आता तुझ्या पदरात लहान मूल आहे."

"लंबूच्या पदरात दोन आहेत साहेब."

"म्हणून तर!" साहेब लगेच म्हणाले. "दोन पोरांचा बाप आहे, त्याला नको का पुढे जायला?"

आणि असे प्रेमाने बघत होते हो माझ्याकडे! मला ओरडायचं होतं. त्या काचा फोडायच्या होत्या. पण ज्याने बापाच्या जागी उभं राहून आपलं लग्न लावलं, त्याच्यावर ओरडायचं कसं? त्या दिवशी मला लख्ख कळलं की अडचण पाय नव्हताच कधी. पाय गेला, मूल आलं. मूल मोठं झालं असतं तर सासूचं आजारपण आलं असतं. आणि प्रत्येक वेळी त्यांना ते खरंच वाटलं असतं.

मी खोक्यांमधून वाट काढत खाली आले. लंबू टेबलापाशी उभा होता. "काय म्हणाले?"

"म्हणाले, तुला दोन मुलं आहेत."

"मग?"

"आणि मला एक आहे."

लंबू बोटं मोजल्यासारखा उभा राहिला. मग हळूहळू त्याचे कान लाल झाले. "मी बोलू साहेबांशी?" म्हणाला.

माझा संताप त्याच्यावर निघाला. "बोल की! जा! तुझं ऐकू येतं त्यांना!"

तो एकेका ढांगेत दोन पायऱ्या टाकत वर गेला. काचेतून दिसत होतं, लंबू हात हलवून बोलतोय, साहेब मान हलवतायत. पाणीसुद्धा गार व्हायला याहून जास्त वेळ लागतो. लंबू खाली आला आणि त्याने टेबलाशेजारी दुसरी खुर्ची ओढली.

मी बसले त्या टेबलाशी. कारखाना बंद होईपर्यंत बसले. किती नमुने काढले, किती बायकांच्या पायांत घातले! मास्तर एकदा येऊन गेले, डोळ्यांना दिसत नव्हतं तर बोटांनी माझ्या साच्याच्या कडा चाचपल्या आणि म्हणाले, "जमलं गं." ते दिवस कुणी परत देत असेल तर मी सोल्युशनच्या वासासकट घेईन. माझ्या आयुष्यातला सोन्याचा काळ होता तो. लेकीला हे पटत नाही, पण आहे ते आहे.

फक्त एक सांगते. बाहेरगावचे व्यापारी आले की साहेब त्यांना हॉलमधून फिरवायचे. आमच्या टेबलापाशी मुद्दाम थांबायचे, माझ्या पाठीवर हात ठेवायचे आणि अभिमानाने, अगदी पोटच्या पोरीबद्दल सांगावं तसं सांगायचे, "ही आमची मास्तरीण. लंबूने हिचे गुण हेरले बरं का! मला तर माहीतच नव्हतं."

लंबू म्हणायचा, "नाही साहेब, निळा दोरा तुम्हीच..."

"बघा, किती विनयी आहे," साहेब म्हणायचे. आणि व्यापारी पुढे होऊन लंबूचा हात हातात घ्यायचे.